भिवाने बुजवलेला चंद्र

गणपतीच्या कारखान्यात एक कायदा असतो, तो कुठे लिहिलेला नसतो: भेग गेलेली मूर्ती दाराबाहेर पडत नाही. लालबागचा मूर्तिकार भिवा हा कायदा वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, चपराका खात शिकला होता. शाडू वाळताना तडकतोच. तडकला की ओली माती भरायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा. साठीला टेकलेल्या भिवाचा अंगठा आता हे काम त्याला न विचारताच करायचा.

मूर्तीचे डोळे मात्र त्याची बायको मालन आखायची. श्वास रोखून, एका दमात. कारखान्यातले लोक थट्टेने म्हणायचे, बाप्पा घडतो भिवाच्या हाताने, पण बघतो मालनच्या हुकमाने. मग साखरेच्या आजाराने मालनचेच डोळे नेले. परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी भिवाला बाजूला घेऊन सांगितलं, नजर आता परत यायची नाही. बाहेर बाकावर मालन वाट बघत होती. भिवा तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "थोडा टाइम लागेल म्हणतायत. येईल."

मायेपोटीच बोलला बिचारा. पण त्या एका शब्दावर मालन चिंचपोकळीच्या खोलीत खुर्ची धरून बसली. स्वयंपाक, कारखाना, शेजारपाजार, सगळ्याला एकच उत्तर: दिसायला लागलं की करीन. शेजारी पूर्वी नावाची मुलगी राहायची, दादरला अंध मुलांच्या शाळेत शिकवायची. तिने एकदा पांढरी काठी आणली, तर मालन कडाडली, "मी काय आंधळी आहे?" भिवा तेव्हा जमिनीकडे बघत राहिला होता.

दिवाळीनंतर कारखान्यात फारसं काम नसतं. तेव्हा पूर्वीनेच त्याला गळ घातली. शाळेतल्या मुलांना हाताने बघता येतील असे गुरू ग्रहाचे तीन चंद्र हवे होते, नारळापेक्षा थोडे मोठे. तिने फोटो दिले. भिवाने ते शाडूत घडवले आणि ओलसर असतानाच घरी आणले.

पूर्वी बघायला आली. मालन खुर्चीतून म्हणाली, "आण गो इकडे." पहिल्यावर तिच्या बोटांना उंचवटेच उंचवटे लागले. "हा आयो," पूर्वी म्हणाली. "ज्वालामुखींनी भरलाय, काकू. नुसता धगधगत असतो." दुसऱ्यावर खळगेच खळगे. मालन खूप दिवसांनी हसली. "ह्याला देवी आल्या होत्या काय?"

"तो कॅलिस्टो. आत काही हललंच नाही त्याच्या. त्यामुळे लागलेला प्रत्येक मार अजून तसाच आहे."

तिसरा गुळगुळीत होता. पूर्वी वाकून बघू लागली. "काका, युरोपाच्या भेगा कुठे गेल्या?"

भिवा चपापला. फोटो बघून त्याने स्वतःच कोरल्या होत्या. मग कधीतरी चहा पिता पिता, गप्पा मारता मारता, अंगठ्याने त्या बुजवून टाकल्या होत्या. जित्याची खोड!

"भेगाच तर महत्त्वाच्या, काका," पूर्वी समजुतीने म्हणाली. "वर सगळा बर्फ आहे. गुरूच्या ओढीने तो ताणला जातो, फाटतो. खाली अख्खा समुद्र असणार, हे त्या भेगांवरनंच कळतं. बुजवल्या तर काय राहिलं? नुसता गोळा." उद्या नेते म्हणून ती गेली.

मालनने गोळा मांडीवरून खाली ठेवला नाही. तिची बोटं एका जागी थांबली, जिथे भरलेली माती जरा मऊ लागत होती.

"इथे होती."

"हो. आता नीट करतो."

"तुमचा हात मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "सगळं सारखं करून ठेवता. माझ्या डोळ्यांचं डॉक्टर काय म्हणाले होते, ते सांगा. भर घालू नका."

खरं सांगितलं तर ही कोसळेल, या एकाच भीतीने भिवाने इतके दिवस काढले होते. तो तिच्या पायाशी बसला. "येणार नाही म्हणाले, मालन. तेव्हाच म्हणाले होते."

ती रडली. आवाज न करता, बराच वेळ. भिवाने तिचे डोळे पुसले नाहीत. तेवढी हिंमत त्याच्याजवळ नव्हती.

"बसवून ठेवलंत मला," ती शेवटी म्हणाली. "येणार येणार म्हणून बसले मी. उठून काहीतरी शिकले असते." मग पदराने नाक पुसून तिने हात पुढे केला. "कोरणी द्या."

त्याने कोरणी तिच्या हातात ठेवली. डाव्या हाताच्या बोटाने मऊ माती चाचपत ती उजव्याने उकरू लागली. मध्येच तिने श्वास रोखला, एकेकाळी मूर्तीचे डोळे आखताना रोखायची तसाच, आणि एक लांब रेघ गोळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली.

"पूर्वीला सांगा, ती काठी पण आण म्हणावं."

रेघ शेवटी जरा वाकडी गेली, कडेचा टवका निघाला. भिवाचा ओला अंगठा सवयीने पुढे झाला. त्याने तो मागे घेतला आणि धोतराला पुसला.