नारळ फुटेपर्यंत रिव्हर्स नाही

आमचा राखणदार म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या काठावर उभा असलेला एक काळा दगड. मुरुडच्या मागच्या अंगाला, आमच्या गावापासून वर चढत गेलं की लागतो. त्याला देऊळ नाही, पुजारी नाही. वर्षातून एकदा, ओढा सुकला की गावातलं प्रत्येक घर आपल्या सोयीने तिथे जाऊन नारळ फोडतं. याला आम्ही राखण देणं म्हणतो. नारळ घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने फोडायचा. आणि एकदा राखणीसाठी उंबऱ्याबाहेर पडलं की नारळ फुटेपर्यंत मागे फिरायचं नाही. एक पाऊलसुद्धा नाही.

हा नियम आमच्याकडे किती कडक पाळतात ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. मी शाळेत असताना एकदा वडील काडेपेटी विसरले. घर मागे दिसत होतं, चुलीचा धूर दिसत होता, पण वडील वाटेवर खांबासारखे उभे राहिले आणि घराकडे पाठ करूनच ओरडू लागले, "काडेपेटी! अगो, कुणीतरी काडेपेटी आना!" शेवटी शेजारची काकू पेटी घेऊन पळत आली आणि म्हणाली, "मान तरी वळवायची! मान वळवली म्हनून देव काय फटके मारनार हाय?" वडील हसले, पण मान वळवली नाही.

वडील गेल्यावर घरात मोठी आई. मिठागरात टोपल्या वाहून तिचे गुडघे आधीच गेले होते, त्यात एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि तो पाय नीट वाकेनासाच झाला. तीन वर्षं राखण माझ्या धाकट्या चुलत्यांनी दिली. मी इंजिनिअरिंगला लागलो तेव्हा आईने त्या दगडाला सांगितलं होतं की पाय चालतील तोवर दरवर्षी मीच येईन. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. दिघीच्या बंदरात मला नोकरी लागली, पक्कं घर झालं, या सगळ्याचं श्रेय ती त्या दगडाला देते. मी ते तिला देतो. त्यामुळे या वर्षी ती म्हणाली, "मला एकदा वर ने," तेव्हा नाही म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

उचलून नेऊ, असं चुलते म्हणाले होते. चार माणसं, एक खुर्ची, काम होईल. आईने त्यांना लगेच गप्प केलं, "खांद्यावरनं मी एकदाच जानार हाय. त्याची घाई नको."

राहिली गाडी. आणि गाड्यांवरून माझा आणि माझ्या मित्राचा वाद जुनाच होता.

हा मित्र मुरुडच्या कोळीवाड्यातला. बंदरात माझ्याबरोबर काम करतो, रोज आगरदांड्याहून एकाच फेरीबोटीने आम्ही पलीकडे जातो. त्याच्याकडे तीन दरवाजांची आखूड जीप आहे, माझ्याकडे पाच दरवाजांची लांब गाडी. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं सुकलेल्या ओढ्यांत शिरतो आणि धोंड्यांवरून गाड्या चढवतो. वेगाचं काम नाही. सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्याहून हळू, एकेक चाक दगडावर ठेवत जायचं.

या खेळात पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर म्हणजे जवळजवळ सगळं काही असतं. त्याची जीप बकरीसारखी. मोठा धोंडा आला की पुढची चाकं चढून खाली उतरतात, लगेच मागची चढतात, मध्ये पोट टेकायला वेळच मिळत नाही. अरुंद वळणावर तर ती जागच्या जागी फिरते. पण चढ उभा झाला की तिचं नाक वर होतं आणि आत बसलेल्याला समोर नुसतं आभाळ दिसतं. प्रत्येक दगडावर ती माणसाला हिंदकळवते. माझी गाडी उलट. तिची पुढची चाकं वर असतात तेव्हा मागची अजून सपाटीवर असतात, म्हणून ती उभ्या चढालाही शांतपणे जाते. पण धोंड्याच्या माथ्यावर तिचं पोट टेकतं. आणि वळणावर मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूला कापत जातात. पुढचं तोंड सुटलं म्हणून आनंद मानावा तर मागचं दार दगडाला लागलेलं असतं.

"तुझी गाडी लग्नाच्या वऱ्हाडाला बरी," मित्र म्हणायचा.

"आणि तुझी? दोन माणसं बसवली की तिसऱ्याने सायकलने यायचं."

आईसाठी आधी त्याचीच जीप बघितली. अंगणात उभी केली, आईला पुढे बसवून पाहिलं. न वाकणारा पाय समोर टेकत होता, दार लागत नव्हतं. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट पाडून वाकून चढावं लागतं. आई म्हणाली, "ही काय गाडी हाय? कोंबड्यांचा खुराडा!" मित्र म्हणाला, "काकी, खुराडाच हाय, पन डोंगर चढतो." शेवटी माझीच गाडी ठरली. तिच्या मागच्या सीटवर आई डाव्या दाराला पाठ टेकून, पाय सीटवर लांब करून आरामात बसत होती.

आदल्या रविवारी आम्ही दोघांनी दोन्ही गाड्या वर नेऊन वाट बघून ठेवली. दगडाच्या थोडं अलीकडे ओढा डावीकडे वळतो. आतल्या बाजूला कातळाची भिंत, बाहेरच्या बाजूला खोलीएवढा धोंडा. त्याची जीप एका दमात फिरून गेली. मी गाडी दोन-तीनदा पुढे-मागे करून, थोडी थोडी वळवत काढली. पलीकडे पोचल्यावर आम्ही चहा प्यायलो. वाट होण्यासारखी आहे, असं ठरवून परत आलो.

त्या दिवशी आमच्याबरोबर नारळ नव्हता. म्हणून ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नाही.

राखणीच्या दिवशी सकाळी आईने नवी साडी नेसली, नारळ मांडीवर घेतला आणि निघालो. मित्र जीप घेऊन पुढे. चढावर माझी गाडी खरंच छान चालली. आई मागून प्रत्येक जागा ओळखत होती. इथे बाया दम खायच्या, इथे तुझ्या आजीचं जोडवं हरवलं. इतक्या वर्षांत तिला इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

वळण आलं. मित्राची जीप फिरून पलीकडे गेली. मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं, पुढचा बंपर धोंड्याजवळ आला, तेव्हा थांबलो आणि रिव्हर्स टाकायला हात खाली नेला.

"काय करतोस?" आई म्हणाली.

"थोडी मागे घेतो. मग वळेल."

"मागं न्हाय."

"अगं आई, हातभर. गाडी मागे घेतोय, आपण परत जात नाही."

"मी गाडीतच हाय ना? मंग गाडी मागं म्हंजे मी मागं."

मी क्लच सोडला आणि गाडी पुढेच रेटली. बंपरचा कोपरा धोंड्याला घासत गेला, नाक थोडं सुटलं आणि त्याच क्षणी मागून कातळाचा करकर आवाज आला. आईच्या पाठीमागचं दार आत दबल्यासारखं झालं. मी ब्रेक दाबला.

गाडी अडकली. डावीकडे दोन्ही दारांना कातळ चिकटलेला. आईच्या काचेतून नुसता काळा दगड दिसत होता, इतका जवळ की त्यावरचं वाळलेलं शेवाळ मोजता यावं. उजवीकडे माझ्या दाराला धोंडा. मागच्या उजव्या दाराखाली खोल खळगा, त्यात हिरवं पाणी. मी कसाबसा खिडकीतून बाहेर पडलो. आईला त्या वाटेने काढणं शक्य नव्हतं, मागच्या दरवाजातून सीटवरून ओढून काढणंही नाही. पुढे गेलो तर दार तिच्या पाठीत घुसणार. मागे जायला मात्र वाट मोकळी होती. हातभर मागे घेतली की सगळं सुटणार होतं.

"मोडू दे दार," आई आतून म्हणाली. "दार नवीन बसवता येतं."

"तुझी पाठ नवीन बसवता येत नाही!" मी ओरडलोच.

मित्राने बघून घेतलं. म्हणाला, "मागे नको, पुढे नको, तर बाजूला सरकवू." त्याने उंच जॅक काढला, मागचा बंपर उचलला. गाडीचं बूड वर आलं की बाजूने ढकलायचं, म्हणजे ते कातळापासून सुटून उजवीकडे पडतं. रिकाम्या गाडीला आम्ही हे केलेलं आहे. या वेळी बूड वर येताच जॅक गोट्यांवर तिरका झाला, गाडी दणकन खाली बसली आणि आतून आईचा आवाज आला. मी धावत पुढे गेलो. ती पाय धरून बसली होती, डोळे मिटलेले. नारळ तरी तिने सोडला नव्हता.

"लागलं?"

"न्हाय."

तिचं 'न्हाय' मला ओळखता येतं. जॅक पुन्हा लावायचा नाही, असं मी मित्राला खुणेने सांगितलं आणि खिडकीतून आत शिरून माझ्या सीटवर बसलो. ऊन चढत होतं. काच खाली होती तरी आत वारा येत नव्हता, कातळ तापून त्याची धग येत होती. माझा हात गिअरवर होता. तिला न विचारता रिव्हर्स टाकू शकलो असतो. कायद्याने गाडी माझी, पाय तिचा दुखतोय, शहाणपणाचंही तेच होतं. पण माझ्या आयुष्यात जे काही चांगलं झालं ते तिने एक शब्द पाळला म्हणून झालं, असं ती मानते. आणि तो शब्द मी तिच्या पाठीमागे बसून, सॉरी, तिच्या पुढे बसून मोडायचा? मला ना पुढे जाता येत होतं, ना मागे. इतकं कोंडल्यासारखं मला परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मग आईने विचारलं, "दगड किती लांब हाय इथनं?"

"त्या बांबूंच्या पलीकडे," मित्र बाहेरून म्हणाला. "हाक मारली तर ऐकू येईल, काकी."

"तुझी गाडी सुटली का रे वळनातनं? मागं न घेता?"

"एका दमात."

आईने मांडीवरचा नारळ बघितला. त्याच्यावरून हात फिरवला, शेंडी सारखी केली, आणि तो उजव्या खिडकीतून त्याच्यापुढे धरला.

"जा. फोडून ये."

तो घाबरला. "मी? काकी, घरच्यानं फोडायचा ना?"

"तू काय बाहेरचा हायेस? माझा हात लागलाय त्याला. बाकी काम तुझं."

"पन आमच्यात नारळ दर्याला अख्खा देतात. फोडत न्हाय."

"दर्याला दात न्हायत," आई म्हणाली. "याला फोडून लागतो. जा आता, माझा पाय दुखतोय."

पाय दुखतोय हे ती पहिल्यांदाच कबूल करत होती. तो नारळ घेऊन गेला. जीपचा आवाज बांबूंमागे गेला, थांबला. आम्ही दोघं कान देऊन बसलो. मागच्या आरशात मला ती दिसत होती. ती वाटेकडे बघत नव्हती. तिने काचेबाहेरच्या त्या काळ्या कातळाला हात जोडले होते.

"फुटला!" वरून हाक आली. "दोन सरळ भकलं, काकी!"

आईने पदराने तोंड पुसलं. "घे मागं," म्हणाली.

मी रिव्हर्स टाकला. एवढी जड, लांब गाडी, एकदाच कुरकुरली आणि सरळ मागे सुटली. ओढा रुंद होता तिथपर्यंत तिला नेऊन सावलीत उभी केली. आईच्या दाराला आतपर्यंत पोचा आला होता, पण ते उघडत होतं. आता पुढे-मागे करून वळण काढता आलं असतं, पण तिच्या पायाला आणखी धक्के सोसवणार नव्हते. मी तिच्या पायाखाली उशी सारली. मला रडू येत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी उगाच चाकांकडे बघत बसलो. तीन वर्षं थांबून ती हाकेच्या अंतरावर आली होती आणि दगड न बघता परत चालली होती.

मित्र खोबरं घेऊन आला. आईने तुकडा तोंडात टाकला आणि त्याची चौकशी सुरू केली. जागा साफ होती का? शेंदूर टिकलाय का? कुणाकुणाचे नारळ दिसले? तो परीक्षेला बसल्यासारखा उत्तरं देत होता.

"आनि सुरंगी? फुललीय का?"

"कंची सुरंगी?"

"दगडाच्या मागं झाड हाय ना! नवी नवरी होते तवा सासूबाईंनी त्याच झाडाच्या कळ्या माळल्या मला. फुललीय का?"

"झाड हाय, काकी. फुलांचं… मी देवाकडं बघत व्हतो."

"देव कुठं जातोय?" आई चिडली. "तो पुढल्या वर्षी पन तिथंच हाय. सुरंगी पंधरा दिवस असती! बघायचं न्हाय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"जातो परत," तो म्हणाला, आणि जीप तिथल्या तिथे गर्रकन फिरवून पुन्हा वर निघाला.

"तू पन जा त्याच्यासंगं," आई मला म्हणाली. "त्याला सुरंगी कळायची न्हाय. पानं घेऊन येईल."

"तुला एकटीला टाकून नाही जात."

तिने हट्ट केला नाही. फक्त म्हणाली, "मंग दोन्हीकडच्या काचा पूर्ण खाली घे. वास येतो का बघते."

मी काचा खाली घेतल्या. वारा डोंगराकडे चालला होता, खालून खाडीचा वास येत होता. सुरंगीचा नाही. ती तरीही मान बाहेर काढून वरच्या बाजूला बघत राहिली, आणि मी जीप परत येण्याची वाट बघत तिच्या पायाशी बसलो.