एक जीबीत बसवलेला फोन

स्वस्त फोनांची ऑपरेटिंग सिस्टम तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी काम करते. त्या वर्षी आमच्याकडे एक जीबी रॅमचा फोन आला. ऑफिसच्या टेबलावर तो शहाण्यासारखा चालायचा. एका रविवारी मी तो भुईगावला आत्याकडे नेला आणि तिचं सिम घालून तिच्या हातात दिला.

आत्याची केळीची वाडी आहे. पानांवर डाग पडले होते. तिने कृषी सल्लागाराला पाठवायचा निरोप बोलून ठेवला, फोटोसाठी कॅमेरा उघडला आणि परत आली, तर निरोप गायब. पुन्हा बोलली, पुन्हा गायब. तिसऱ्या फोटोला फोन म्हणाला, जागा शिल्लक नाही.

"नवाकोरा फोन आनि पोट भरलेलं?" आत्या म्हणाली. "खाल्लं काय यानं?"

सोमवारी मी हे आमच्या टीम लीडला सांगितलं. त्यांनी लगेच तोड काढली. "मराठी काढ. कीबोर्ड, शब्दकोश, आवाज, सगळं. हिंदी-इंग्रजी पुरे."

"आठवडा द्या. मराठी ठेवून बसवते."

"नाही बसलं तर?"

"बसेल."

पोकळ ऐट नव्हती ती. आत काय काय भरलंय ते मी पाहिलं होतं. दुकानातल्या नमुन्याच्या फोनवर दाखवायची जाहिरात प्रत्येक फोनमध्ये जात होती. तेच रिंगटोन दोनदा होते. फोन सुरू झाला की खेळ आणि बातम्यांची अ‍ॅप्स कुणी न बोलावता जागी होऊन रॅम अडवून बसायची; म्हणून कॅमेरा उघडला की निरोप पुसला जायचा. जाहिरात आणि जादा रिंगटोन उडवले. अ‍ॅप्स उघडल्याशिवाय सुरू होणार नाहीत असं केलं.

बुधवारी हात जरा जास्तच मोकळा सुटला. निरुपयोगी समजून एक फाइल काढली आणि फोन सुरूच होईना. अर्धा दिवस गेला. फाइल निमूट परत ठेवली.

अवघड गेलं ते हलत्या धबधब्याचं वॉलपेपर. आमच्या डिझायनरने ते महिनाभर खपून केलं होतं. "तेवढं राहू दे ना," तो म्हणाला. मी त्याला ते किती रॅम धरून बसतं ते दाखवलं. तो उठून गेला. मला वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही. संध्याकाळी त्याने स्वतःच त्या धबधब्याचं एक स्थिर चित्र पाठवलं. ते अधिक देखणं होतं.

शुक्रवारी सगळं बसलं. लीड म्हणाले, "मराठी?"

"आहे. आवाजासकट."

रविवारी आत्याने वाडीत उभं राहून निरोप बोलून ठेवला, एकामागून एक सात फोटो काढले. निरोप जागच्या जागी होता. तिने तो पाठवला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"हवामान."

"हे पन काढ. वारा कुठनं येतो ते मला अंगणात कळतं."

मी हसले, आणि काढलं.