पेटीसोबत माणूस

"तुम्ही इंगळे मॅडमच्या कोण?" फोनवरच्या माणसानं विचारलं. मी अकोल्याच्या छापखान्यात उभी होते, हातात शाई न वाळलेलं पत्रक. म्हटलं, कोणी नाही... म्हणजे आहे, का बरं? तो म्हणाला, "बॉडी अमरावतीले कुठं उतरवायची तेवढं सांगा." असं कळलं मला. आधी बॉडी, मग मृत्यू. फोन नागपूरच्या इस्पितळातून होता आणि शीलाताई इंगळे तिथं गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी गेल्या होत्या. गुडघ्यानं माणूस मरतो का? ऑपरेशन चांगलं झालं, सकाळी चहा घेतला, नर्सशी गमतीजमती केल्या, आणि मग रक्ताची गुठळी छातीत गेली म्हणे. म्हणे! इतके आठवडे झाले, तरी हे वाक्य माझ्या गळ्याखाली उतरलेलं नाही. निघताना मी सोबत येते म्हटलं होतं. हसून म्हणाल्या, "गुडघाच तं आहे वं पोरी. तू तुयं काम कर."

त्यांचा मुलगा परदेशात, म्हणून इथला नंबर त्यांनी माझा दिला होता. इस्पितळवाला घाईत होता. शवागारात जागा नाही, गाडी आत्ता निघते, अमरावतीत कोणीतरी थांबा, म्हणाला. मी विचारलं, गाडीत सोबत कोण आहे? "सोबत कशाले पाहिजे? ड्रायव्हर आहे ना." मी अशी ओरडले की छापखान्यातलं मशीन बंद केलं त्यांनी. का ओरडले, हे कळायला या बाईनं दूतावास कसा चालवला ते सांगावं लागेल.

शीलाताई आखातातल्या एका लहानशा देशात आपल्या राजदूत होत्या. माझी त्यांची ओळख मी त्यांच्याविरुद्ध काढलेल्या पत्रकातून झाली. बाळापूरचा माझा चुलतभाऊ प्रशांत तिकडे क्रेन चालवायला गेला आणि कामावरच वारला. काकू रोज दारात बसायची, आणि त्याची शवपेटी काही येईना. दूतावासात फोन केला की ताटकळत ठेवायचे, मग 'केस प्रोसेसमध्ये आहे' म्हणायचे. मी तेव्हा कॉलेजात होते. 'राजदूतबाई, आमचा भाऊ कुठं आहे?' असं पत्रक काढून बसस्टँडवर वाटलं. दूतावासात सगळे झोपा काढून राहिले, असं त्यात सरळ लिहिलं होतं. पत्रकाचा फोटो कुणीतरी तिकडे पाठवला, आणि एका दुपारी परदेशी नंबरावरून अस्सल वऱ्हाडी आवाज आला. "मी राजदूत बोलून राहिली. पत्रक तूच काढलं काय?" मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. मी म्हटलं, हो, आणि एक शब्द मागं घेणार नाही. त्या म्हणाल्या, "घेऊ नको. तुया भाऊ उद्या निघते. त्याच्याजवळ मी उभी राहीन."

उभी राहीन म्हणजे काय, ते मला फार नंतर कळलं. त्या निवृत्त होऊन अमरावतीला आल्या आणि एक दिवस टायरच्या दुकानावरच्या आमच्या संघटनेच्या खोलीचा जिना चढून, धापा टाकत, स्टुलावर येऊन बसल्या. माझं पत्रक त्यांनी दूतावासाच्या खिडकीला आतल्या बाजूनं चिकटवलं होतं. बाहेरच्यांना दिसू नये, कर्मचाऱ्यांना मात्र रोज दिसावं. 'झोपा काढून राहिले' हे हेडक्लार्कला फार झोंबलं होतं, हे सांगताना त्या खदखदून हसल्या. मग गंभीर झाल्या. त्या देशात आपला माणूस मेला की त्याचा कागद तीन टेबलांवरून फिरायचा, आणि त्या तिन्ही टेबलांवरच्या कोणीही कधी पेटी पाहिलेली नव्हती. प्रशांतच्या वेळी त्यांनी स्वतः विमानतळावरच्या मालाच्या शेडमध्ये जाऊन पाहिलं. टीव्हीच्या खोक्यांच्या शेजारी तो ठेवलेला होता. परत आल्या आणि नियम केला. यापुढं एकही पेटी एकटी जाणार नाही. दूतावासातलं कोणीतरी शेडमध्ये जाईल, पेटीवर हात ठेवून त्या माणसाचं नाव आणि गाव मोठ्यानं म्हणेल, आणि विमानात चढेपर्यंत तिथंच राहील. पाळी सगळ्यांना. सचिव, क्लार्क, स्वयंपाकी, माळी, आणि राजदूत.

दिल्लीहून आलेला एक तरुण अधिकारी म्हणाला, हे माझ्या कामात बसत नाही. ताईंनी त्याला झापलं नाही, त्याची पाळी स्वतः केली. पुढची पण. तिसऱ्या वेळी तो गाडीत येऊन बसला. प्रजासत्ताकदिनाच्या मेजवानीला तिथले मंत्री यायचे होते आणि नेमकी ताईंची पाळी आली. सगळे म्हणाले, बदलून घ्या. त्या पाहुण्यांना हात जोडायचं काम उपप्रमुखावर सोपवून शेडमध्ये गेल्या. दिल्लीनं जाब विचारला. मी विचारलं, भीती नाही वाटली? "वाटली ना. पण त्या दिवशी मी नसती गेली, तं दुसऱ्या दिवसापासून कोणीच गेलं नसतं." पेटीवर हात ठेवून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी तसाच कागद टेबलावर पडू देता येत नाही. ओरडा न करता कागद पळायला लागले. दूतावास असा चालवला त्यांनी. यात न कळण्यासारखं काय आहे, आणि बाकीच्या कचेऱ्यांत हे का होत नाही, हा प्रश्न मी अजून विचारते आहे.

आमच्याकडे आल्यावर त्यांनी उरलेलं अर्धं काम काढलं. तिकडे माणूस सोबत असतो, पण नागपूरला उतरल्यावर पुढं नुसता ड्रायव्हर. मग आम्ही पाळ्या लावल्या. वरूडला, सेमाडोहला, बाळापूरला पेट्या नेल्या. ताई मागं बाकड्यावर पेटीजवळ बसायच्या आणि रस्त्यातली गावं आतल्या माणसाला सांगत जायच्या. "कोंढाळी गेलं बरं, बाबू. आता कारंजा येते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी घरी चालला, त्याले रस्ता नको दिसाले?"

आणि ही बाई एकटी चालली होती. संताप कोणावर काढू? इस्पितळावर काढला. ताईंवरही काढला, अजून काढते. सगळ्यांना सोबत देणाऱ्या बाईनं इस्पितळात एकटं जायची सवलत स्वतःला कोणत्या नियमानं दिली? ड्रायव्हरचा नंबर हट्टानं मिळवला, त्याला म्हटलं तिवशाच्या फाट्यावर थांबा, आणि मित्राच्या गाडीनं अकोल्याहून निघाले. पूर्ण रस्ताभर एकच डोक्यात. अर्धा रस्ता त्यांनी एकटीनं काढला. कोंढाळी गेलं असेल, कोणी सांगितलं नसेल.

फाट्यावर लिंबाखाली गाडी उभी होती. ड्रायव्हर मागचं दार उघडून पायरीवर बसलेला. सलीमभाई. सेमाडोहची पेटी यांनीच आणली होती, फोनवर मी आवाजावरून ओळखलं नव्हतं. मी चढायला गेले तर म्हणाले, "रडू नका, ताई. एकट्या नाही आल्या त्या. बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, सगळे सांगत आलो मी. मागच्या खेपेले मॅडमच बोलल्या होत्या, मागं कोणी नसलं तं तुमी बोला."

मी बाकड्यावर बसले. पांढऱ्या चादरीवर हात ठेवला. शीलाताई इंगळे, अमरावती, म्हटलं मोठ्यानं. गाडी निघाली. मोझरी आली तेव्हा सांगितलं. नांदगाव पेठेला माझा आवाज फुटेना... तेव्हा पुढून, आरशात न बघता, सलीमभाई म्हणाले, "नांदगाव पेठ, मॅडम. आता आलंच घर."