आमच्या टीमचं बाळ

माझा मुलगा जन्मला तेव्हा आमच्या नातेवाइकांनी सगळ्यात आधी त्याचे कान पाहिले.

वजन किती, आई बरी आहे का, हे प्रश्न नंतर. आधी दुपट्यातून कान बाहेर काढायचा, त्याची कड उलटी करायची आणि उजेडाकडे धरून निदान करायचं. नवं बाळ लालबुंदच असतं, त्यावरून काही कळत नाही. खरा रंग म्हणे कानाच्या कडेला लिहिलेला असतो. (दवाखान्यात एवढी महागडी यंत्रं असतात, पण डॉक्टर मंडळींना हे शास्त्र अजून अवगत नाही!) बाळंतपणासाठी माझ्या सासूबाई विंचूरहून नाशकात आमच्याकडे आल्या होत्या. त्यांनी कान पाहिला आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात निकाल जाहीर केला.

"जावईबापू, कान बगा कान! पार उजळ हायेत. पोरगं गोरंपान निघनार. आमच्या मेघनावर गेलंय!"

'वाचलं' हा शब्द त्या बोलल्या नाहीत, पण माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात तो होता.

कारण मी काळा आहे. सावळा नाही, निमगोरा नाही, गव्हाळ तर मुळीच नाही. काळा! आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा कोट कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो, हे फोटोग्राफरलाच ठाऊक. आमची थोरली इशू, वय वर्षं पाच, ती माझ्या रंगावर गेली. तिच्या वेळीही सगळ्यांनी कान पाहिले होते आणि मग म्हटलं होतं, "नाकीडोळी नीटस आहे हो!" (हे वाक्य कधी म्हणतात, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.)

बाळ घरी आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी इशू मला आरशासमोर स्टुलावर उभी दिसली. एका हाताने स्वतःचा कान उलटा धरला होता.

"काय करतेस गं?"

"बाबा, माझे कान काळे आहेत. म्हणजे मी आता अशीच राहणार ना?"

तिला कोणी काही शिकवलं नव्हतं. ती आपली कोपऱ्यात ठोकळे खेळत होती. आपल्याला वाटतं मुलं खेळतायत; ती सगळ्यांची हजेरी घेत असतात. तेवढ्यात सासूबाई डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवलेली वाटी घेऊन आल्या. "आलेच हाय तर पोरीला बी लावते जरा. उजळंल."

मी वाटी हिसकावून घेतली. "आजपासून या घरात डाळीचं पीठ फक्त पिठल्यात! तोंडाला कोणी लावायचं नाही!"

"आवो, मंग बाळाला?"

"बाळालाही नाही!"

"अहो..." मेघना आतून म्हणाली. एरवी ती मला अरे-तुरे करते. आई घरात असली की 'अहो' करते, आणि त्या 'अहो'ची शेपटी लांबली की समजायचं, आता गप्प बसावं. पण मी गप्प बसणाऱ्यांतला नव्हतो. मी मोहीम हाती घेतली होती!

मी इशूला पंचवटीत काळ्या रामाला घेऊन गेलो. म्हटलं, "बघ, देवसुद्धा काळा!"

"आणि जवळच गोरा राम पण आहे ना? आजी म्हणाली."

(नाशिककराला कोणतीही गोष्ट एकतर्फी सिद्ध करता येत नाही.)

मी हार मानली नाही. काळी द्राक्षं हिरव्यांपेक्षा महाग असतात, काळ्या मातीत पीक जोमदार येतं, चॉकलेट कुठल्या रंगाचं असतं ते तर तुला माहीतच आहे, असं सांगत सांगत घरी येईपर्यंत मी जोशात आलो आणि टाळी देऊन म्हणालो, "तू आणि मी, आपली काळी टीम! एकदम भारी!"

"भारी!" इशू ओरडली. तिचा चेहरा असा फुलला की मला माझ्यातल्या बापाचा अभिमान वाटला.

हा अभिमान दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी फ्रिजवर एक कागद चिकटवलेला दिसला. मधोमध रेघ. एका बाजूला काळ्या खडूने रंगवलेली माणसं हसत होती, दुसऱ्या बाजूला न रंगवलेली माणसं रडत होती. बाळ पाहायला येणाऱ्यांना पेढे द्यायचं काम इशूकडे होतं. खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. गोऱ्या, घाऱ्या. इशूने त्यांना न्याहाळलं आणि पेढा मोडून अर्धा दिला.

"अगं, अर्धाच?"

"तुम्ही गोऱ्या टीमच्या आहात."

मग गॅस सिलिंडरवाला आला. चांगला माझ्या रंगाचा! त्याच्या हातावर तिने तीन पेढे ठेवले.

"एवढे कशाला गं, ताई?"

"घ्या! तुम्ही आमचे आहात!"

आणि सासूबाईंना तिने डब्याच्या तळाशी उरलेला चुरा दिला. सासूबाई चुरा तळहातावर घेऊन माझ्याकडे बघत राहिल्या.

"अहोऽऽ," मेघना म्हणाली, "तुम्ही तिला स्वतःचा रंग आवडायला शिकवणार होतात ना? ही तर पक्ष काढून बसली!"

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण इशू बाळाला हात लावेना. "भावाला पापा दे," म्हटलं की दोन पावलं मागे सरकायची. "नको. तो त्यांच्या टीमचा आहे." बाळ रडलं तरी लांबून बघायची. नऊ महिने आईच्या पोटाला कान लावून गोष्टी सांगणारी पोर ही! मला खरंच भीती वाटली. बहीणभावांत भिंत उभी राहत होती आणि विटा मी स्वतः वाहून आणल्या होत्या.

मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "इशू, अगं टीमबीम काही नसतं."

"हरायला लागल्यावर सगळे असंच म्हणतात," इशू म्हणाली.

अशा वातावरणात बारशाचा दिवस उजाडला. कार्यक्रम खाली सोसायटीच्या हॉलमध्ये. माझी मोठी बहीण, म्हणजे बाळाची आत्या, सटाण्याहून आली. नाव ठेवायचा मान तिचा. तिने व्हिडिओ कॉलवर बाळाचा कान पाहूनच नाव पक्कं करून टाकलं होतं: धवल!

सासूबाई घुगऱ्यांना फोडणी देत होत्या. मेघना नऊवारीशी झुंजत होती. मला एकच काम होतं. "बाळाजवळ बसा. दुसरं काहीही करू नका. नुसते बसा!" एवढं सोपं काम मला लग्नानंतर प्रथमच मिळालं होतं. पण पाळणा सजवायला आलेला फूलवाला खालून फोन करायला लागला, हॉलची चावी कुणाकडे म्हणून. मी इशूला म्हटलं, "पाच मिनिटं बाळाकडे लक्ष दे हं."

"देते," इशू म्हणाली. किती शहाण्यासारखी!

पाच मिनिटांची पंधरा झाली. मी जिना चढत होतो तोच वरून सासूबाईंची किंकाळी आली.

"अगं बया बया बया! पोराला काय झालं गं!"

मी धावत आत गेलो. गादीवर पांढरंशुभ्र झबलं, पांढरं टोपडं, आणि मधे माझा मुलगा, नखशिखान्त काळा. कपाळ, गाल, हनुवटी, हात, पाय! डोळ्यांभोवती मात्र जपून जागा सोडलेली. शेजारी काजळाची डबी, पार रिकामी. सासूबाईंनी दिव्याची काजळी तांब्याच्या ताटलीवर धरून, घरच्या तुपात घोटून केलेलं खास काजळ. वर्षभर पुरणार होतं म्हणे! पंधरा मिनिटांत संपलं होतं. बाळ गाढ झोपलं होतं. त्याला तेवढीच मालीश झाली.

"इशूऽऽ! हे काय केलंस?"

इशू शांतपणे बोटं फ्रॉकला पुसत म्हणाली, "त्याला आपल्या टीममध्ये घेतलं. तो एकटाच तिकडे कसा राहणार? आधी कान केले. सगळे कानच बघतात ना!"

मी ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं. तिचे ओठ काळे होते. नाकाचा शेंडाही काळा होता. म्हणजे रंगवून झाल्यावर तिने भावाचा पापा घेतला होता! एक नाही, चांगले पाच-सहा. मेघना अर्धी नऊवारी धरून दारात उभी होती, तिनेही ते पाहिलं. तिला रडू आलं आणि हसूही आलं, आणि माझी परिस्थिती काही वेगळी नव्हती.

"रडताय काय! खाली पावने बसलेत!" सासूबाई कडाडल्या.

पाण्याने पुसलं. तुपातलं काजळ, त्यावरून पाणी नुसतं ओघळून गेलं. तेलाने पुसलं. काजळ होतं तिथून नव्हतं तिथेही गेलं. खालून निरोपावर निरोप. शेवटी माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं.

"डाळीचं पीठ आणा! साय आणा! लवकर!"

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "पिठल्याला का वो, जावईबापू?"

त्या क्षणी त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्याचा व्याजासकट हिशेब मी अजून फेडतोय. पीठ आलं, साय आली. मी स्वतःच्या हाताने, घाम गाळून, माझ्या मुलाला उजळवायला बसलो! अर्ध्या तासाने तो काळ्याचा राखाडी झाला, ताज्या प्लॅस्टरसारखा. कानांची वळणं मात्र काही केल्या निघेनात. तिथे टोपडं खाली ओढलं आणि निघालो.

पाळणा हलला, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" झालं, ताईने बाळाच्या कानाशी वाकून "कुर्रर्र" केलं, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ताई सरळ उभी राहिली तेव्हा तिचं नाक काळं होतं. राखाडी बाळ पाळण्यात, काळं नाक वर, आणि ताईने खणखणीत आवाजात जाहीर केलं, "धवल!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

मग एकेक बाई ओटीतलं सामान सावरत पाळण्यापाशी यायला लागली. सवय ती सवय! प्रत्येकीने टोपडं हळूच वर केलं आणि कान उलटा केला. बोटाला काजळ. "अगंबाई!" म्हणून तेच बोट गालाला. तेच कपाळाला. कुणी तेच बोट शेजारणीच्या खांद्यावर ठेवून विचारलं, "तुम्ही पाहिलंत का कान?" म्हणून शेजारणीनेही पाहिला. खालच्या मजल्यावरच्या काकूंना तर चक्क मिशा आल्या होत्या. पेढ्यांचं ताट घेतलेली इशू आनंदाने वेडी झाली. जिच्या तोंडाला काळं, तिला दोन पेढे! "या टीममध्ये! या, या!" पहिल्यांदा काकूंनीच ओळखलं आणि त्या आधी स्वतःला आणि मग सगळ्यांना इतक्या हसल्या की बाळ दचकून जागं झालं. सासूबाईंच्या गालावरही दोन बोटं उमटली होती. कारण सकाळपासून सगळं ठाऊक असूनही, जाता जाता त्यांनीही कान बघितला होता!

हॉल रिकामा झाल्यावर मी इशूला मांडीवर घेतलं. बाळ मेघनाजवळ, टोपडं काढून. मी मनापासून बोललो. म्हटलं, "रंगावरून टीम करायची नाही, बेटा. चूक माझी झाली. गोरं असो, काळं असो, आपलं ते आपलं. आपण जसे आहोत तसे स्वतःला आवडायला हवं."

इशूने विचार केला. बाळाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग तिचे डोळे चमकले.

"मग केसांवरून करू या! बाळाला केस नाहीत. तुलाही नाहीत. तुम्ही दोघं टकली टीम. मी, आई, आजी, आत्या, आम्ही केसांची टीम. आमची भारी!"

"मला आहेत की गं थोडे!"

"बाजूचे धरायचे नाहीत!"

ताई हसता हसता खुर्चीवरून घसरली. सासूबाईंनी डोळे पुसले आणि मायेने म्हणाल्या, "जावईबापू, कांद्याचा रस चोळा. विंचूरला कांद्याला काय तोटा हाय व्हय? पोतं धाडते."

मी ठणकावून सांगितलं की माणसाने जसं असावं तसं असावं, मला माझ्या टकलाचा अभिमान आहे, आणि असल्या खुळचट उपायांना या घरात जागा नाही.

पोतं दुसऱ्याच आठवड्यात आलं. बाळाला आता भरघोस जावळ आलंय, त्यामुळे ते केसांच्या टीममध्ये गेलं. मी रोज सकाळी गॅलरीत डोक्याला रस चोळून एकटाच बसतो, आणि त्या वासामुळे हल्ली मला कुठलीच टीम घेत नाही!