सुनेनं पाट लावला म्हणे

मला बूड टेकवून बसता येत नाही. लहानपणी यावरून मार खाल्ला, लग्नानंतर टोमणे खाल्ले, आणि आता पन्नाशी जवळ आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणतात, वयाचं आहे. वयाचं काही नाही. पूर्वी धावपळ करायला कामं होती, आता ती उरली नाहीत, एवढाच फरक. नवरा जाऊन काही वर्षं झाली. मुलगी पुण्यात नोकरीला. भूममधल्या घरात आम्ही दोघी, मी आणि सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. भाजी मी करते, भाकरी त्या थापतात, माझ्या हातची त्यांना जाड लागते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं काम संपवून घरी आले की झोपेपर्यंतचा वेळ नुसता अंगावर येतो. टीव्ही लावला तरी मी उभी राहूनच बघते.

स्केटबोर्ड मुलीचा. विजेवर चालणारा. मेट्रो स्टेशनपासून ऑफिसपर्यंत जायला म्हणून तिनं हौसेनं घेतला, दोनदा रस्त्यावर आपटली आणि हौस फिटली. दिवाळीला येताना पोत्यात गुंडाळून घेऊन आली, पलंगाखाली सरकवला आणि म्हणाली, "कुणाला तरी देऊन टाक." देऊन टाकायच्या आधी आत काय आहे ते बघावं म्हणून मी खालच्या डब्याचे स्क्रू काढले. प्रयोगशाळेची सवय. बॅटरी बघितली, मोटारी बघितल्या, सगळं परत जागच्या जागी बसवलं. पण पलंगाखाली परत ठेवणं काही जमलं नाही.

वस्तू अगदी साधी. हातापेक्षा थोडी लांब फळी, वर पॉलिशपेपरसारखा खरखरीत काळा कागद, खाली चार चाकं. मागच्या दोन चाकांना मोटारी, आणि मोटारीपासून चाकापर्यंत पट्टा. गिरणीला असतो तसाच, पण बोटाएवढा. हातात रिमोट. अंगठ्यानं चकती पुढं ढकलली की पळतो, मागं ओढली की थांबतो. धरायला काही नाही.

आत्यांनी पहिल्या दिवशी त्याला चाकाचा पाट म्हटलं. दोन-चार दिवसांत चाक गळून पडलं आणि नुसता पाट राहिला.

कुठला पाय पुढं ठेवायचा हे कळेना म्हणून मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "मागून कुणी अचानक ढकललं तर जो पाय पुढं पडतो, तो पुढं." घरात ढकलायला दुसरं कोण होतं? मी अंगणात उभी राहिले आणि म्हटलं, "आत्या, मला मागून ढकला."

"खरंच ढकलू?"

"ढकला."

"लई दिसापासनं मनात होतं बघ. आज तूच म्हणतीस." आणि त्यांनी असं ढकललं की मी थेट तुळशीपाशी गेले. डावा पाय पुढं.

शिकले बाजार समितीच्या आवारात. सौदे नसतात त्या दिवशी तिथलं काँक्रीट मोकळं असतं. डोक्याला स्कूटीचं हेल्मेट, पायात कॅनव्हासचे बूट, गुडघ्यांना आणि कोपरांना जुन्या गोधडीच्या पट्ट्या. पहिले काही दिवस मी त्याच्यावर कमी आणि जमिनीवर जास्त होते. पडायची एक रीत असते, हात टेकायचा नाही, कुशीवर लोळायचं. ती कळल्यावर भीती गेली. मग परंड्याच्या रस्त्यावर, जिथं नवं डांबर पडलंय तिथपर्यंत, जाऊ लागले. लोक बोलणारच. एकजण मोटारसायकल बरोबरीनं चालवत म्हणाला, "ताई, हँडल मागंच पडलंय वाटतं कुठंतरी." मी म्हटलं, "सापडलं तर घरी आणून द्या." वळायला अंग नुसतं कलवावं लागतं, त्या क्षणी डोक्यात दुसरं काही राहत नाही. दिवसभरात तेवढाच वेळ मला कुठं दुसरीकडं जावंसं वाटत नसे.

आमच्याकडं काट्यांची भीती नाही, चाकं भरीव आहेत. भीती खड्याची. बोराएवढा खडा चाकाखाली आला तरी फळी जागीच थांबते आणि आपण पुढं जातो. म्हणून नजर कायम दोन-तीन हात पुढं. काळ्या मातीची धूळ बेअरिंगमध्ये शिरते आणि चाक करकरायला लागतं. रस्त्यावरचा कापूस, सुतळी, बायकांचे केस, सगळं आसाला गुंडाळतं, ते सुरीच्या टोकानं काढायचं. पट्टा बोटानं दाबला तर थोडा दबला पाहिजे, फार दबला तर दात सोडतो, मुळीच नाही दबला तर मोटार तापते. फिरून आल्या आल्या चार्जिंगला लावायचा नाही, आधी गार होऊ द्यायचा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवणं तर शुद्ध वेडेपणा. मी तो माजघरात, माठाच्या पलीकडच्या भिंतीला, गार फरशीवर ठेवते. आत्या म्हणायच्या, "देवाजवळ ठेव की, तेवढंच राहिलंय."

तर हे असं सुरळीत चाललं होतं. मग आत्या आठवडी बाजारात गेल्या.

तिथं त्यांना माहेरची एक बाई भेटली. तिनं विचारलं, सून काय म्हणती? आत्यांनी सरळ सांगितलं, "तिचं काय बाई. दिवाळीपासनं पाटाच्या नादाला लागलीय. सांज झाली की घरात थांबत न्हाय."

बाहेरच्यांना यात काही वावगं वाटणार नाही. पण आमच्याकडं विधवेनं दुसरं घर केलं की तिनं पाट लावला म्हणतात. आमच्या लोकांत तो पूर्वीपासून चालतो, पाप कुणी मानत नाही. फक्त तो चार माणसांना विचारून, सासरच्यांना सांगून लावायचा असतो. न सांगता लावणं हा मोठा अपमान. त्या बाईनं जे ऐकायचं ते ऐकलं, आणि बातमीला एसटीचं तिकीट लागत नाही. ती जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला, मुरूमला, माझ्या नणंदेच्या घरी पोचली.

रविवारी सकाळी मी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. चाकं काढलेली, बेअरिंग जुन्या वाडग्यात पेट्रोलमध्ये बुडवलेली, दोन्ही हात काळे. नणंदेचा फोन आला, तो करंगळीनं स्पीकरवर टाकला. आत्या दारात बसून लसूण सोलत होत्या.

"वहिनी, एक विचारू? राग यायचा न्हाय ना?"

"विचारा की ताई."

"तुमच्या घरात पाट झाला म्हणं."

मला वाटलं, हिलाही फळीचं कळलं. "झाला की. दिवाळीपासून आहे."

"दिवाळीपासनं! आन् आमाला कुणी सांगावं न्हाय?"

"त्यात सांगायचं काय? मुलीनं आणून दिला."

"पोरीनं? स्वतः बघून?"

"पुण्याचा आहे. तिला जमला नाही, मग माझ्याकडं सोडून गेली."

पलीकडून हळूच, "चांगला तरी हाय का?"

"चांगला आहे. जरा लवकर तापतो. आत्ता उघडून ठेवलाय, साफ करतेय."

"आईला कुठं ठेवलीय?" नणंद एकदम रडवेली झाली. "माझ्या आईला सांभाळायला मी काय मेली न्हाय. येत्या रविवारी गाडी घिऊन येते. तिला म्हणावं, बोचकं बांधून ठेव." आणि फोन बंद.

मी आत्यांकडं बघितलं. त्यांच्या हातातला लसूण तसाच राहिला होता. माझ्या आधी त्यांना समजलं होतं, शब्द त्यांचाच होता ना. "बाजारातली ती भवानी," त्या पुटपुटल्या. मी हात पुसून नणंदेला लावला, तिनं उचलला नाही. परत लावला. नाही. तसाच निरोप पाठवावा म्हटलं तर ही गोष्ट लिहून सांगण्यासारखी नव्हती.

"येईल तेव्हा फळी दाखवू," मी म्हटलं. "विषय संपला."

पण विषय संपला नव्हता. आत्या दुपारी जेवताना म्हणाल्या, "समज, खरंच लावला असतास. मला कुठं ठेवली असतीस?"

"मधल्या खोलीत. तिथला पंखा चांगला आहे."

"आन् त्यो?"

"त्यो कोण?"

"तुझा त्यो."

"त्याचं त्यानं बघावं."

त्या हसल्या नाहीत. "थट्टा न्हाय करीत मी. तुझा पाय हितं ठरत न्हाय. आज पाटावर, उद्या लेकीकडं पुण्याला. जाशीलच तू. मागं राहून कुणाच्या तोंडाकडं बघण्यापरीस मीच आधी जाते मुरूमला." आणि जेवण झाल्यावर त्यांनी खरंच बोचकं बांधलं. दोन लुगडी, औषधाचा डबा, जपाची माळ. दाराशी ठेवून दिलं.

मी त्यांना जाऊ नका म्हटलं नाही. म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, तू न्हाय ना जाणार? मुलगी दर फोनला पुण्याला बोलावते. मी दर वेळी बघू म्हणते, आणि फोन ठेवला की खोलीभर येरझाऱ्या घालते. मला इथून जायचं नाही आणि इथं बसायचंही नाही. हे आत्यांना कसं सांगणार?

तो आठवडा मी फळीला पाय लावला नाही. उगाच आगीत तेल कशाला. बेअरिंग सुकवून, तेलाचा थेंब टाकून, चाकं बसवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, पुन्हा बसवली. पट्टा ताणला, सैल केला, परत ताणला. संध्याकाळी फडताळं आवरली, मग आवरलेली फडताळं परत आवरली. पितळेची भांडी घासली. ज्वारीची कोठी उपसून झाडली. रात्री अंथरुणावर डावा पाय आपोआप पुढं होऊन पडायचा. आत्या येता-जाता बोचक्याला वळसा घालून जायच्या, मीही वळसा घालून जायचे.

रविवारी नणंद आली. जावईबापू जीप वळवून रस्त्यावरच थांबले, आत यायला त्यांना अवघड वाटत असावं. नणंदेनं चप्पल काढायच्या आधी घरभर नजर फिरवली.

"कुठंय?"

मी माठापलीकडून फळी आणून तिच्या पायापाशी ठेवली. "हा."

"ह्यो?"

"हाच पाट. तुमच्या आईनं ठेवलेलं नाव."

तिनं फळीकडं बघितलं, आईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकली आणि हसून हसून खालीच बसली. "तापतो म्हणं! उघडून ठेवलाय म्हणं!" बाहेरून जावईबापूंनी विचारलं, काय झालं? ती ओरडली, "काय न्हाय, या आत. नवं दाजी न्हायत हितं, फळी हाय!"

चहा झाला. मला वाटलं, आटोपलं. पण हसू ओसरल्यावर ती गंभीर झाली. "तरी पण वहिनी, ह्या वयात हे बरं न्हाय. पडून मांडी मोडली तर आईकडं कोण बघणार? आन् लोकांचं तोंड काय शिवता येतंय? तुमी हे बंद करा. तुमी बंद केलं तर आई हितं राहील. न्हाय तर गाडी आणलीच हाय, मी तिला घिऊन जाते."

ती वाईट बोलत नव्हती. मांडी मोडण्याची गोष्ट तर खरीच होती. मी आत्यांकडं बघितलं. आता त्यांनी एक शब्द काढला असता तर मी फळी पोत्यात घातली असती. नाखुशीनं, पण घातली असती.

आत्यांनी बशी खाली ठेवली. "ही आठ दिस घरात बसली व्हती," त्या लेकीला म्हणाल्या. "तुला ठाव हाय का काय झालं? भांडी आपट, फडताळ आपट, कोठी उपस. ज्वारीतला किडा बी घाबरून पळाला. रातचं तिचं पाय हलत्यात, माझी झोप मोडती. असली बाई घरात कोंडून मला काय करायचंय? फिरू दे तिला. फिरून येती तवा दोन घास नीट खाती, दोन शब्द नीट बोलती."

"आन् पुण्याला गेली म्हंजे?"

"जाईल तवा बघू. बोचकं हाय बांधलेलं, ते काय कुठं पळून चाललंय?"

नणंद जेवून गेली. जाताना जावईबापूंनी फळीवर एक पाय ठेवून बघितला आणि पटकन काढून घेतला. जीप वळणाआड गेली तेव्हा ऊन उतरत होतं. मी हेल्मेट घेतलं, बूट चढवले.

"दिवे लागायच्या आत येते."

"ये न्हाय तर नको येऊ. मी कडी लावून घेणार हाय."

रस्ता मोकळा होता. आठवडाभर उभी राहिलेली बॅटरी आधी जरा कुरकुरली, मग पळाली. नव्या डांबराच्या शेवटी मी नेहमी वळते. त्या दिवशी वळले नाही. पुढच्या खडीवरून फळी हातात घेऊन चालत गेले, पलीकडचं डांबर लागल्यावर पुन्हा चढले. तिथं माझं काही काम नव्हतं. परतायला उशीर झाला. घरोघरी दिवे लागले होते.

कडी खरंच आतून लावलेली होती. वाजवली.

"कोण हाय?"

"मी."

आतून, "एकटीच हायस का?"

"एकटीच. उघडा."

"थांब मग जरा," आत्या म्हणाल्या. "भाकरी तव्यावर हाय."