पुसलेली सुई

रेकॉर्ड प्लेयरची सुई मी दर रविवारी बारीक कुंचल्याने पुसतो. मागून पुढे, एकाच दिशेने. उलट फिरवलं तर सुईची नाजूक दांडी वाकते. गेले काही रविवार मात्र पुसायला काही सापडतच नाही. भिंगातून पाहावं तर सुई लख्ख.

समोर रस्ता खणून ठेवलाय आणि धूळ नेमकी सुईलाच चुकवते? मला काही ते पटेना. मुद्दाम कापसाचा एक तंतू सुईवर राहू दिला. बुधवारी मंडईतून आल्यावर पाहिलं, तंतू गायब.

घरात आम्ही दोघंच. "तू हात लावलास का?" मी बायकोला विचारलं.

"मी कशाला लावू? एकदा लावला तेवढा पुरे झाला," मटार सोलता सोलता ती म्हणाली. लग्नानंतर लगेचच तिने सुईवरून बोट फिरवलं होतं आणि मी पाहुण्यांसमोर ओरडलो होतो.

संशयी माणूस सगळीकडे डाग शोधतो. आपल्यामागे कुणी इतकं जपून वावरत असेल, हे त्याच्या भिंगाला दिसत नाही. मलाही दिसलं नाही. मी आणखी एक सापळा लावला.

काल सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "सुई पुसायची राहिलीय. पदराने पुसून टाक जरा."

"पदराने?" ती उसळली. "आणि दांडी वाकली म्हणजे? कुंचल्यानेच, मागून पुढे..." आणि लगबगीने स्वयंपाकघराकडे वळली.

मी प्लेयरचं झाकण उघडंच ठेवलं आणि पिशवी उचलली. "मंडईत जाऊन येतो. तासभर तरी लागेल."

भाजी मी सकाळीच आणली होती.