इस्त्रीचा शर्ट

सुमे, जरा जवळ ये. मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला आणि फीची अडचण आहे, हे मला शेजारणीकडून कळावं होय गं?

काल पेन्शनच्या कामाला सेतू केंद्रात बसून पाय सुजले. माझ्यापुढे एक बाप नि त्याची लेक, शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला आलेले. बापाने लग्नकार्यातला इस्त्रीचा शर्ट घातलेला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कमाई किती?" मागे त्याच्याच गल्लीतली माणसं उभी. तो म्हणाला, "देवाच्या दयेने भरपूर आहे."

लेकीने बाही ओढली. "अप्पा, इथं खरं सांगा. नाहीतर फी माफ नाही व्हायची."

मग तो खिडकीत तोंड घालून हळूच काहीतरी बोलला.

जन्मभर आपण झाकायलाच शिकतो, उसनी साखर आणून पाहुण्यांना शिरा घालतो. आणि लेकरू शिकवायचं तर तेच चारचौघांत उघडं करायचं. बघूनच दमले मी. जाताना तो चुरगळलेली बाही सरळ करत होता.

रविवारी ये, लेकीला घेऊन. दाखल्याच्या रांगेत मी उभी राहीन तुझ्याबरोबर. शिरा काही करत नाही, साखर संपलीय. गुळाचा चहा पिऊ.